चिंच जीर्ण असल्याचा शेरा

मुरबाडच्या मामलेदार कचेरीसमोर एक चिंच होती. ती पाडावी अशी शिफारस मी लिहिली. शिफारस खोटी होती, अक्षर चांगलं होतं.

मी मूळचा शहापूरजवळच्या सापगावचा. घरी भातशेती. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला आमच्या घरातला मी पहिलाच. त्यानंतर शेतात माझ्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवली नाही. मुरबाडला कारकुनी लागली तेव्हा वडील म्हणाले, "आता सावलीत बसून खाशील." ते खरंच झालं. पण ती सावली कुठून येते याची चौकशी मी पहिली पाच-सहा वर्षं केली नाही.

ती चिंचेची होती. झाड कचेरीच्या पश्चिमेला होतं, बुंधा तीन माणसांच्या कवेत न मावणारा. दुपार कलली की त्याची सावली कौलांवर चढायची आणि मावळतीपर्यंत तिथंच असायची. सकाळी तीच सावली रस्त्याच्या बाजूला पसरलेली असायची आणि तिच्यात तालुका बसलेला असायचा. मुरबाडात झाडं काही कमी नव्हती, पण ती कुणाच्या ना कुणाच्या परसात होती. मोटारी थांबायच्या तिथपासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर परक्या माणसाला अंग टेकायला हे एवढं एकच झाड. माळशेजच्या पायथ्याकडून लोक पहाटे निघायचे आणि दहाच्या सुमारास इथं येऊन पटकूर पसरायचे. भाकरी खायचे, पोरांना झोपवायचे आणि मग सरकारकडे बघायचे.

बुंध्याला टेकून मास्तर बसत. हे पेन्शनीत निघालेले प्राथमिक शिक्षक. पुढ्यात एक लाकडी पेटी, तिच्यावर दौत आणि कागद. लोकांना अर्ज लिहून देणं हा त्यांचा उद्योग. अर्जदार रडत असला तर मास्तर लेखणी खाली ठेवून थांबत. शिव्या देत असला तर त्या शिव्यांचं सरकारी भाषेत रूपांतर करत. "मुडदा बसविला त्याचा" याचं त्यांनी एकदा "सदर इसमाच्या वर्तनाने अर्जदार व्यथित आहे" असं केलेलं मी स्वतः वाचलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाचं तिसरं-चौथं वर्ष असेल, तेव्हा आम्हाला नवे मामलेदार आले. देशावरचे गृहस्थ. वक्तशीर, हाताचे स्वच्छ, आणि आवाज कधी न चढवणारे. त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. ते पांढरी सोला हॅट वापरत.

चिंचेवर पावसाळ्यात बगळे घरटी करायचे. खाली बसणाऱ्यांना त्याची सवय होती. कुठल्या फांदीखाली बसावं आणि कुठल्या नाही हे तालुक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मामलेदारांना कचेरीच्या दारात सरळ यायची सवय होती, आणि सरळ रस्ता नेमका नको त्या फांदीखालून जात होता. श्रावणात त्यांच्या हॅटवर पहिल्यांदा पडलं तेव्हा ते स्वतः हसले. दुसऱ्यांदा शिपाई हसला. तिसऱ्यांदा त्यांनी मला आत बोलावलं.

"हे झाड किती जुनं आहे?"

"कल्पना नाही, रावसाहेब. कचेरीच्या आधीचं आहे म्हणतात."

"म्हणजे जुनंच."

"जुनंच."

"जुनं झाड पडू शकतं."

"पडू शकतं, रावसाहेब."

"मग तसं टिपण मांडा. हॅटचा उल्लेख नको."

मी बाहेर येऊन टिपण मांडलं. 'कचेरीसमोरील चिंचेचे झाड अति जीर्ण झाले असून बुंधा आतून पोकळ असण्याचा संभव आहे. वाऱ्याने उन्मळून पडल्यास सरकारी इमारतीस व रयतेस धोका आहे. करिता ते पाडण्यास मंजुरी असावी.' 'संभव आहे' हे शब्द मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. त्यांच्यावरून कुणाला काही सिद्ध करता येत नाही. टिपण लिहायला अर्धा तास लागला. त्या वेळात मला काही वाटलं का, असं नंतर माझ्या बायकोने विचारलं. मला वाटलं होतं की 'उन्मळून' हा शब्द चांगला बसला.

मास्तरांना बातमी शिपायाकडून कळली. आठवड्याभरात त्यांचा अर्ज आला. पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने. त्यात त्यांनी झाडाची थोरवी वगैरे काही गायली नव्हती. उन्हाळ्यात या जागी रोज साधारण किती माणसं बसतात, ती किती चालून आलेली असतात, त्यांत बाया किती, लेकुरवाळ्या किती, आणि झाड गेल्यावर ही माणसं कुठं बसवावीत याचा खुलासा सरकारने करावा, एवढंच होतं. खाली पानभर अंगठे होते.

अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर 'दप्तरी दाखल' असं लिहिलं. म्हणजे वाचला आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांसमोरून गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "टिपणाची भाषा निर्दोष आहे हो तुमची."

दिवाळीनंतर मंजुरी आली. पेट्रोल मिळेनासं झाल्यामुळे कल्याणची सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे एक लोखंडी भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसा घालून हवा मारत बसायचं आणि मोटारीने मनावर घेतलं की निघायचं. त्यामुळे कोळशाला भाव होता. कोळशाच्या एका ठेकेदाराने लिलावात चिंच घेतली आणि पौषात कातकरी कुऱ्हाडी घेऊन आले.

तोडायला अकरा दिवस लागले. जीर्ण झाडाला इतके लागत नाहीत हे मला दुसऱ्या दिवशी समजलं होतं, पण मी खिडकीकडे पाठ करून बसायचो. बुंधा आडवा झाला त्या दिवशी मात्र पंचनाम्याला जावं लागलं. चांगला मोठा काप होता, मधोमध तांबूस काळा, लोखंडासारखा घट्ट. पोकळी म्हणून बोट जाईल एवढीही नव्हती. कातकऱ्यांतला एक म्हातारा कापावर हात फिरवत होता.

"कारकूनदादा, ह्याला झालता काय?"

"जीर्ण झालं होतं," मी म्हणालो.

त्याने पुन्हा हात फिरवला. "म्हातारा व्हता," तो म्हणाला, "पन दात सगले जाग्यावर."

नंतरच्या महिन्यात मी सर्व्हिस मोटारीने कल्याणला गेलो. मोटार वेळेवर पोचली. चिंचेचा कोळसा चांगला असतो, असं ड्रायव्हर म्हणाला.

चैत्र लागला आणि आम्हाला मामलेदार कचेरी ही नेमकी काय वस्तू आहे हे कळलं. ती कौलांची, पश्चिमेला तोंड केलेली पेटी होती. दुपारी दोननंतर पश्चिमेची भिंत तापायची, मग कौलं, मग आम्ही. दौतीतली शाई सुकायची. डिंक बाटलीतच घट्ट व्हायचा. रावसाहेबांची खोली त्या भिंतीलाच लागून होती. त्यांनी वाळ्याचा पडदा लावून घेतला आणि शिपायाला त्यावर पाणी मारायला ठेवलं. शिपाई पाणी मारून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईतो पडदा कोरडा. मग रावसाहेबांनी टेबल पूर्वेच्या भिंतीशी नेलं. मग अव्वल कारकुनाच्या खोलीत. अखेर ते दप्तरखोलीत जाऊन बसले. ती खोली मधोमध होती, भिंती जाड, खिडकी नाही. दिवसा कंदील लावून मुरबाड तालुक्याचा कारभार तिथून चालू लागला.

लोकांचं काय झालं, हे मास्तरांनी अर्जात विचारलेलं होतंच. काही दिवस लोक उन्हात बसले. मग व्हरांड्यात आले. व्हरांडा भरल्यावर दारात आले, आणि वैशाखात माझ्या टेबलापाशी. घासलेटच्या परमिटांचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे गर्दी तशीही माझीच होती. पूर्वी झाडाखालून शिपाई एकेकाचं नाव पुकारायचा आणि माणूस सावकाश उठून, धोतर झटकून यायचा. आता सगळे आत उभे. पोरं रडायची, माणसं एकमेकांवर खेकसायची, आणि मी सगळ्यांवर. झाडाखाली मी या तालुक्यात भांडण असं पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी एका वेळूला छत्री बांधली आणि खोडाच्या बुडख्यापाशी आपली जुनी जागा धरून ठेवली. छत्रीत एकच माणूस मावायचा. ते ती अर्जदारावर धरायचे.

एका आठवड्यात एक म्हातारी आली. मुलगा कल्याणकडे मजुरीला गेलेला, घासलेटचं परमीट मुलाच्या नावावर. मी तिला नियम सांगितला. मुलगा नसेल तर त्याच्या बायकोने समक्ष येऊन अंगठा द्यायला हवा.

"ती नाय येवाची," म्हातारी म्हणाली. "तिचं दिस भरत आलेत."

"मग नियम आहे," मी म्हणालो. 'मग' या शब्दाचा तिथं काय अर्थ होता ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात म्हातारी सुनेला घेऊन आली. पाच कोस चालून. व्हरांडा भरलेला होता, म्हणून त्या दोघी बाहेर उन्हात थांबल्या. एक वाजला असेल. बाहेर गलका झाला म्हणून मी उठलो, तर सून जमिनीवर पडलेली आणि म्हातारी पदराने तिला वारा घालते आहे. माझ्याकडे पाहून ती ओरडली नाही, की मागल्या आठवड्याचं काही बोलली नाही. म्हणाली, "बाबा, हिला सावलीला न्या."

मी आजूबाजूला पाहिलं. सावली नव्हती. लोकांच्या पायाखाली जी होती तेवढीच. व्हरांड्यातली फरशी तव्यासारखी, आतल्या खोल्या भट्टीसारख्या. गार जागा सबंध कचेरीत एकच होती. शिपायाने कुणाची तरी घोंगडी आणली, आणखी दोन माणसं घेतली आणि चौघांनी चार कोपरे धरून त्या पोरीला दप्तरखोलीत नेलं.

रावसाहेब लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं. "हे काय?"

काय ते मला सांगावं लागलं नाही. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या. म्हातारीने एका हाताने टेबल भिंतीशी ढकललं, कंदील वर टांगला आणि म्हणाली, "बापय मानसं भायेर निगा."

आम्ही निघालो. रावसाहेब उभे होते तिथंच राहिले.

"मी इथला मामलेदार आहे," ते म्हणाले.

"मंग मामलेदार, भायेर निगा," म्हातारी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

हॅट आत खुंटीवर राहिली. रावसाहेब व्हरांड्यात आले. लोकांनी अदबीने जागा केली, म्हणजे दहा-बारा माणसं उन्हात उतरली. ते पाहून रावसाहेब संकोचले आणि स्वतःच उतरले. पटांगणातून चालत ते जुन्या जागेपर्यंत गेले. तिथं बुडखा होता. त्याच्याजवळ उभे राहिले, बोडक्या डोक्याने, कचेरीकडे तोंड करून. आतून त्या पोरीचं ओरडणं ऐकू येत होतं. मी दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभा होतो. आत काही बरंवाईट झालं तर त्याला कारण ऊन नव्हे, चाल नव्हे, मी आहे, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. टिपणासारखं.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. रावसाहेबांचं टक्कल लाल झालं होतं. कुणाची हलायची हिंमत नव्हती. मग मास्तर उठले. त्यांनी वेळूची छत्री उपटली आणि रावसाहेबांच्या डोक्यावर धरली. रावसाहेबांनी एकदा मान वळवून पाहिलं. दोघे तसेच उभे राहिले. मास्तर उंचीने कमी होते, त्यामुळे हात पुरा वर करून.

तीनच्या सुमाराला आतून पोराचं रडणं आलं. व्हरांड्यातल्या बाया एकदम बोलू लागल्या. म्हातारी दार उघडून माझ्या हातातली कळशी घेत म्हणाली, "नात झाली. दोघी बऱ्या हायेत." आणि वळता वळता, "आनि आमच्या घासलेटाचं काय?"

मी टेबलाशी जाऊन परमीट लिहिलं. सुनेचा अंगठा लागतो हे बोललो नाही. अंगठ्याच्या जागी कुणाचा अंगठा आहे हे कुणी विचारलं नाही. तो माझा होता.

बाळ-बाळंतीण दोन दिवस दप्तरखोलीत राहिल्या. जन्माच्या नोंदीत ठिकाण काय लिहायचं यावर अव्वल कारकून आणि पाटील यांच्यात बराच खल झाला. शेवटी 'मामलेदार कचेरी, दप्तरखोली' असं लिहिलं गेलं. रावसाहेबांनी त्यांच्या पाड्याकडे जाणारी एक बैलगाडी स्वतः ठरवून दिली.

गाडी गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. टेबल अजून भिंतीशीच होतं.

"ते झाड खरंच जीर्ण होतं का?"

"नव्हतं, रावसाहेब."

"मग तुम्ही तसं का लिहिलंत?"

"आपण सांगितलंत म्हणून."

"मी जुनं म्हणालो. जीर्ण म्हणालो नव्हतो."

ते खरंच म्हणाले नव्हते.

खुंटीकडे पाहत ते म्हणाले, "हॅटसाठी." तो प्रश्न नव्हता. मग म्हणाले, "चिंच किती वर्षांत होते?"

"सावली धरायला वीसेक तरी, रावसाहेब."

"लवकर होणारं काही?"

"करंज. जगला तर."

आषाढात आम्ही पाच करंज लावले. खड्डे खणायला रावसाहेब स्वतः उभे होते. रोपं मी सापगावहून आणली, ओढ्याकाठची, माझ्या वडिलांच्या मदतीने. मी कशाला नेतोय हे मी त्यांना सगळं सांगितलं. ते ओल्या मातीत रोपाची मुळं बांधत होते. म्हणाले, "शिकून आलास तवा मला वाटला, आपला पोर आता चुकायचा नाय." आणि दुसरं रोप बांधायला घेतलं.

पाचांतलं एक शेळीने खाल्लं. बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं, पण शेळीला त्याची माहिती नव्हती. दुसरं बैलगाडीच्या चाकाखाली गेलं. उरलेल्या तीनांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायचा प्रश्न होता. शिपाई एकटा पुरेना. मास्तरांनी यावर आपल्या परीने नियम काढला. अर्जदाराने आधी कचेरीमागच्या विहिरीवरून तांब्याभर पाणी आणून झाडाला घालायचं, मग अर्ज सांगायचा. लोकांना वाटलं हा सरकारी नियमच आहे. सरकारी नियमांत इतका समजण्यासारखा नियम त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांनी पाळला. त्या वर्षी अर्ज फार होते. मास्तरांच्या अगदी जवळचं रोप पाणी जास्त होऊन कुजलं. दोन जगले.

रावसाहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली. निघायच्या दिवशी ते दोन्ही करंजांपाशी जाऊन आले. झाडं त्यांच्या कमरेएवढी होती. मला म्हणाले, "तुमच्या टिपणावर माझी सही आहे. तेव्हा निम्मं माझ्याकडे." मी म्हणालो, "जास्त माझ्याकडे, रावसाहेब." त्यांनी ते मान्य केलं. मला आवडलं.

मास्तर त्यानंतर दोन उन्हाळे छत्रीतच बसले. करंजाची सावली तेव्हा पेटीपुरती पडू लागली होती, मास्तरांपुरती नाही. ते पेटी सावलीत ठेवत आणि स्वतः छत्रीत. कागद तापला की शाई फुटते, म्हणायचे. तिसऱ्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि गेले. मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या बायकोने पेटी दाखवली. तिच्यात कोरे कागद, दौत आणि त्यांच्या त्या एकट्या अर्जाची नक्कल होती. मी ती मागितली नाही. माझ्याकडे मूळ होता, दप्तरी दाखल.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी माझी शहापूरला बदली झाली. मुरबाड सोडताना नव्या कारकुनाला चार्ज द्यायचा होता. तरुण होता, नुकताच लागलेला, अक्षर चांगलं. टेबल, खुर्च्या, कंदील, रूळ, मोहोर असं सगळं डेडस्टॉकच्या यादीत लिहून त्याच्यापुढे ठेवलं. शेवटी मी लिहिलं होतं, 'करंजाची झाडे, दोन.'

त्याने यादी वाचली. "हे कसं घेता येईल?" तो म्हणाला. "डेडस्टॉकमध्ये जिवंत वस्तू येत नाही."

"मग दुसरी यादी आहे का?"

त्याने विचार केला. दुसरी यादी नव्हती.

"झाडं आहेत कुठं?" त्याने विचारलं. "बघितल्याशिवाय सही कशी करू?"

मी खिडकीतून दाखवली. तो खात्री करून घ्यायला बाहेर गेला. चैत्र होता, साडेबारा वाजले होते. दोन्ही करंजांखाली मिळून पंधरा-वीस माणसं बसली होती, कुणी भाकरी सोडलेली, कुणी आडवं झालेलं. त्याने एका झाडापाशी जाऊन बुंधा पाहिला, मग दुसऱ्यापाशी गेला. तिथं एका म्हाताऱ्याने सरकून त्याला जागा दिली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग बसला.

मी सही घ्यायला टेबलाशी थांबलो. तो लवकर आला नाही.